केबल बंद केली: ओटीटी, घरचा सर्व्हर आणि सासूबाईंच्या मालिका

तिसरी_घंटा (डोंबिवली)

"केबल काढली, आता काय घेऊ" असे धागे इथे अधूनमधून निघतातच आणि दहाव्या प्रतिसादापर्यंत गाडी "५५ इंची घेऊ का ६५" वर पोचते. म्हणून टीव्हीच्या आकाराबद्दल एक अक्षरही न लिहिता आमच्या घरची व्यवस्था लिहिते. केबल सोडायची आहे त्यांना उपयोग होईल, नाही त्यांनी भांडायला यावं.

घरात सासूबाई (मराठी मालिका, संध्याकाळी सात ते दहा, मध्ये कोणी बोलायचं नाही), नवरा (क्रिकेट आणि क्रिकेटवरच्या चर्चा), लेक (तिला टीव्ही हे यंत्र कशासाठी असतं तेच कळत नाही) आणि मी. मला नाटकं.

आधी पैशाचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायची (दूरसंचार नियामकाची) नवी दरपद्धत आली तेव्हा "जे बघाल त्याचेच पैसे" असा गाजावाजा झाला होता. झालं काय, तर १३० रुपये नुसतं जोडणीचं भाडं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे पैसेवालं एकही चॅनेल न घेता १५३ रुपये ४० पैसे. सुटी चॅनेलं निवडायला बसलं की बुके (चॅनेलांचा गठ्ठा) स्वस्त पडायचा आणि बुकेबरोबर कधीच न बघितलेली डझनभर चॅनेलं घरात यायची. जुलै २०२४ मध्ये त्या भाड्यावरची कमाल मर्यादाही ट्रायने काढली.

पण ओटीटीवर गेल्याने पैसे वाचतात, हे मी म्हणणार नाही. मराठी मालिकांचंच बघा: झी मराठी झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. म्हणजे एका सासूबाईंसाठी तीन ॲप. त्यात प्राइमचे वर्षाला १४९९, आणि जून २०२५ पासून तिथेही जाहिराती. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून "एक खातं, एक घर" केल्यामुळे गावच्या घरी तेच खातं वापरायचं बंद झालं. सगळं घेतलं तर बिल केबलच्या पुढे जातं. आम्ही एका वेळी दोनच ठेवतो, मालिका संपली की बदलतो. केबलवाल्याला "या महिन्यात अमुक बंद कर, पुढच्या महिन्यात सुरू कर" सांगून बघा म्हणजे फरक कळेल.

घरचा सर्व्हर, म्हणजे टीव्हींना फाईली पुरवणारा कॉम्प्युटर, मात्र पैशासाठी केलाच नाही. माझ्याकडे नाटकांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडीचं एक कपाट भरलं आहे. यातली बहुतेक नाटकं कुठल्याच ॲपवर नाहीत. काहींच्या कंपन्या बंद झाल्या, हक्क कोणाकडे आहेत हे नाट्यसंस्थेलाही सांगता येत नाही. व्हीसीडी प्लेअर बिघडला तर दुरुस्त करणारा मिळत नाही, नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. तर ते कपाट एका छोट्या कॉम्प्युटरवर उतरवलं, त्यावर जेलीफिन (आपल्याच फाईली टीव्हीवर दाखवणारा प्रोग्राम) टाकलं, आणि आता दोन्ही टीव्हींवर पोस्टरसकट नाटकांची यादी दिसते. सासूबाई त्याला "आपलं चॅनेल" म्हणतात.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देते. तांत्रिक बाबतीत इथलेच सदस्य वायरमन यांनी मागे खूप मदत केली आहे, त्यांना इथे ओढून आणते.

शून्य_प्रहर

वाचनखूण साठवली. ५५ का ६५?

वायरमन (पुणे)

आलो.

ताई, मशीन कोणतं घेतलं ते लिहिलं नाहीत, आणि लोक नेमकं तिथेच अडकतात. मी लिहितो.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला साधारण इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी लागते. त्यामुळे कंपन्या सहाव्या-सातव्या पिढीची छोटी ऑफिस डेस्कटॉपं ढिगाने विकायला काढत आहेत. लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या तापकीर गल्लीत विचारा, "टायनी" म्हटलं की दुकानदार समजतो. त्यातलं सातव्या पिढीचं उचला, सहाव्या नको. सातव्या पिढीच्या आतल्या ग्राफिक्सला दहा-बिट एच.२६५ प्रकारचा व्हिडिओ स्वतः उलगडता येतो, सहाव्याला ते जमत नाही. विंडोजसाठी निकामी आणि लिनक्सवर (विंडोजऐवजी टाकायची प्रणाली) जेलीफिनसाठी उत्तम, असं हे मधलं वाण सध्या स्वस्तात पडून आहे.

नवंच घ्यायचं तर इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी. रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर या कामाला घेऊ नका. छान यंत्र आहे, पण पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोड करायचं (दुसऱ्या स्वरूपात लिहायचं) हार्डवेअरच ठेवलेलं नाही, आणि टीव्हीला फाईल झेपली नाही की सर्व्हरला तेच काम करावं लागतं.

हे शेवटचं वाक्य नीट समजून घ्या, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. फाईल जशी आहे तशी टीव्हीला चालली तर सर्व्हर फक्त फाईल वाढायचं काम करतो. त्याला दहा वर्षं जुना लॅपटॉपही पुरे. टीव्हीला ती चालली नाही तर सर्व्हर बघता बघता दुसऱ्या स्वरूपात बदलून देतो, त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि तेव्हा पंखा बोंबलायला लागतो. बऱ्याचदा भानगड चित्राची नसतेच, आवाजाची असते. सॅमसंगने २०१८ पासून टीव्हींमधला डीटीएस या आवाजाच्या प्रकाराचा आधार काढला, एलजीने २०२० च्या मॉडेलांपासून काही वर्षं. चित्र दिसतं, आवाज नाही, आणि माणूस स्पीकरच्या वायरी हलवत बसतो.

निमशहरी (बारामती)

धाग्याबद्दल धन्यवाद ताई. वीज किती खातो हो हा सर्व्हर? २४ तास चालू ठेवायचा म्हणजे भीती वाटते.

तिसरी_घंटा

वायरमन म्हणतात तसलंच सातव्या पिढीचं टायनी आहे. डिस्कसकट २० वॅटच्या आसपास. म्हणजे महिन्याला १४-१५ युनिट. घरात पडून असलेलं जुनं टॉवर वापरलं तर नुसतं बसून ६० वॅट खातं, महिन्याला ४३ युनिट. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटला टप्पा बदलतो, तुम्ही काठावर असाल तर हा जुना टॉवर फुकटात पडत नाही.

निमशहरी

आणि लाईट गेल्यावर? आमच्याकडे दुरुस्तीच्या नावाखाली दर गुरुवारी जाते.

वायरमन

जेलीफिनची सगळी नोंदवही एका डेटाबेस फाईलमध्ये असते. ती लिहिली जात असताना वीज गेली तर फाईल खराब होऊ शकते, मग कोणतं नाटक कुठपर्यंत बघितलं ते सगळं गेलं. नाटकं जात नाहीत, नोंदवही जाते. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो राउटरलाच लावा. मशीनला इन्व्हर्टरची लाईन द्या. इन्व्हर्टर बदली व्हायला जो क्षण लागतो त्यात मशीन बंद पडत असेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस मध्ये टाका.

फुकट_फौजदार

एवढा खटाटोप कशाला? एक चायनीज अँड्रॉइड बॉक्स घ्या, सगळी चॅनेलं, सगळे पिक्चर, आयुष्यभर फुकट. माझ्याकडे आहे. लिंक पाहिजे तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वायरमन

फौजदारसाहेब, त्या बॉक्सवर नेटफ्लिक्स लावून चित्र बघा कसं दिसतं. या बॉक्सांना वाइडवाइनचं (ओटीटीच्या चित्राची चोरी रोखणाऱ्या कुलपाचं) वरच्या पातळीचं प्रमाणपत्र नसतं, खालच्या एल३ पातळीवर चालतात, म्हणून पैसे भरूनही जुन्या डीव्हीडीच्या दर्जाचंच चित्र येतं. हा किरकोळ भाग. यातले काही बॉक्स कारखान्यातूनच मालवेअर घेऊन येतात. २०२३ मध्ये "बॅडबॉक्स" या नावाने ते प्रकरण बाहेर आलं. तुमच्या घरच्या इंटरनेटवरून कोणीतरी तिसराच आपले धंदे करतो आणि पोलिसांना पत्ता तुमचा मिळतो.

संपादक

चोरीच्या चॅनेल-यादीच्या लिंका इथे किंवा व्यनितून देऊ नयेत. मूळ विषयावर राहू या.

कलम_बावन्न

संपादकांनी दंडुका आपटलाच आहे तर कायद्याचंही थोडं. ताईंनी स्वतः विकत घेतलेल्या व्हीसीडी स्वतःच्या घरात बघायला उतरवल्या. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(क) मध्ये खाजगी वापरासाठी "उचित व्यवहार" मान्य आहे. डीव्हीडीला कुलूप असतं, आणि २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं कलम ६५अ असं कुलूप तोडण्याला गुन्हा म्हणतं. पण त्यात हक्कभंग करण्याचा हेतू असावा लागतो. घरात बघणं वेगळं, ती फाईल सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं वेगळं. दुसरं केलंत तर पहिल्या युक्तिवादाचा काही उपयोग राहत नाही. व्हीसीडीला मुळात कुलूपच नसतं, तो प्रश्न तिथे येत नाही.

केबल_काका (वाळवा तालुका)

ताई, मी केबलवाला. तुम्ही भांडायला या म्हटलात म्हणून आलो, पण भांडत नाही.

१३० रुपयांचं म्हणताय ते खरं हाय. पण ते १३० माझ्या खिशात येत न्हाईत. वरचा एमएसओ (आम्हाला सिग्नल देणारी मोठी केबल कंपनी) त्याचा वाटा घेतो, उरलेल्यात पोरांचा पगार, पोलवरच्या वायरी, ॲम्प्लिफायरची वीज. चॅनेलची किंमत ब्रॉडकास्टर ठरवतो, शिव्या मात्र दारात उभा असणाऱ्याला. फेब्रुवारी २०२३ ला नव्या दराचे करार झाले न्हाईत म्हणून मोठ्या ब्रॉडकास्टरांनी किती केबलवाल्यांचं सिग्नल तोडलं. घराघरांत टीव्ही काळे. लोकं फोन कुणाला करणार? मला.

आता गंमत ऐका. आमच्याकडं मार्च २०१७ ला ॲनालॉग बंद झालं, सेट टॉप बॉक्स आले. त्यानंतर हळूहळू लोकं बॉक्स परत करायला लागले. तेच लोक दुसऱ्या आठवड्यात फायबर मागायला माझ्याकडंच येतात. मग त्याच वायरीवरनं मी त्यांना हॉटस्टार पोचवतो. बिल फाडणारा मीच. म्हणून ओटीटीनं केबलवाला मेला असं म्हणू नका, केबल मेली. केबलवाला जगतोय.

पण एक गोष्ट कुठल्या ॲपवर न्हाई. आमचं लोकल चॅनेल. गावची यात्रा, गणपतीची मिरवणूक, शाळेचं गॅदरिंग, निधनवार्ता, आणि कुस्तीची मैदानं. सकाळपासनं रात्रीपर्यंत मैदान लाईव्ह. बाहेरगावी नोकरीला असलेली पोरं फोन करून विचारायची, "काका, निकाली झाली का?" आता मी ते यूट्यूबवर टाकतो, पण मैदानात हलगी आणि गाणी वाजत्यात, त्यातल्या गाण्यावर हक्काचा दावा येतो आणि आवाज बंद करावा लागतो. हलगीबिगर कुस्ती बघायची म्हणजे काय सांगू.

तिसरी_घंटा

काका, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा चांगला झाला आहे. लोकल चॅनेलचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, आमच्याकडे कधीच बंद पडलं ते.

बर्फातला_मराठी (मिनियापोलिस)

केबलकाकांचं सिग्नल तोडण्याचं वाचून हसू आलं. इथे केबल सोडून लोक यूट्यूब टीव्हीवर (तीच चॅनेलं इंटरनेटवरून) गेले. २०१७ ला महिना ३५ डॉलरने सुरू झालेली सेवा, जानेवारी २०२५ पासून ८२.९९ डॉलर. आणि ३० ऑक्टोबर २०२५ ला डिस्नेशी कराराचं फिसकटलं तेव्हा दोन आठवडे ईएसपीएन, एबीसी ही त्यांची चॅनेलं गायब. वायर गेली, भांडण तेच आहे. इथे बरेच जण म्हणून छतावर साधा अँटेना लावतात आणि तो ट्यूनरमार्फत सर्व्हरला जोडतात; स्थानिक चॅनेलं फुकट, वर रेकॉर्डिंगही होतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. आईबाबा सांगलीत. माझ्याकडे इथे सर्व्हर आहे, त्यात लग्नाच्या कॅसेटी, आजोबांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग असं सगळं आहे. ते त्यांना तिकडे टीव्हीवर दिसायला हवं. आधी प्लेक्स (जेलीफिनसारखाच प्रोग्राम) वापरायचो, एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून बघायला पैसे मागायला लागले, म्हणून जेलीफिनवर आलो. आता पुढे?

वायरमन

तुमचा सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवू नका, हे पहिलं. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडायचा सल्ला यूट्यूबवर सर्रास देतात, तो ऐकू नका. टेलस्केल नावाचा प्रोग्राम घ्या. सर्व्हरवर टाका, आईबाबांच्या टीव्हीला अँड्रॉइड टीव्ही असेल तर त्यावरही त्याचं ॲप आहे. दोन्ही यंत्रांना एकाच खाजगी जाळ्यातले पत्ते मिळतात, मग जेलीफिनमध्ये तो पत्ता टाकायचा.

हाच उपाय भारतात सर्व्हर असणाऱ्यांनाही लागू. इथल्या बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही, शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एक असतो. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये दिसत असेल तर पोर्ट उघडूनही काही होणार नाही, रात्र घालवू नका.

मिनियापोलिस ते सांगली एवढं अंतर असल्यावर फाईलचा बिटरेट (सेकंदाला किती माहिती जाते तो आकडा) कमी ठेवा. लग्नाच्या कॅसेटीला ४ एमबीपीएस पुष्कळ झालं.

बर्फातला_मराठी

झालं! आईचा फोन आला, भजन लागलं. बाबांचा प्रश्न: "मागे-पुढे करायचं बटण कुठलं?" धन्यवाद.

हुमण (फोंडा, गोवा)

लग्नाच्या कॅसेटींचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे जत्रेच्या नाटकांची व्हीएचएस आहेत, गावातल्याच कलाकारांनी देवळाच्या मंडपात केलेली. त्या काळात लग्नांची शूटिंग करणारा एकजण नाटकाचंही करायचा. कॅसेटीच्या खिडकीतून टेपवर पांढरे ठिपके दिसतात. मित्र म्हणतो व्हीसीआर आणतो, घालून बघू.

तिसरी_घंटा

घालू नका! ती बुरशी आहे. कोकण-गोव्याच्या दमट हवेत हटकून लागते. तशीच कॅसेट लावलीत तर बुरशी व्हीसीआरच्या हेडवर बसते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटीला लागते. आणि व्हीसीआर आता बनतही नाहीत, शेवटची कंपनी फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये थांबवलं. बुरशीच्या कॅसेटी वेगळ्या काढा, कोरड्या जागी ठेवा, आणि टेप साफ करून देणाऱ्याकडेच द्या. स्वच्छ आहेत त्या आधी उतरवा.

आणि कृपा करून एआयने चित्र सुधारून घेऊ नका. एका ओळखीच्यांनी तसं केलं, गावच्या मारुतीच्या पुजाऱ्याला मेणाच्या पुतळ्याचं तोंड आलं. मूळ फाईल जशी आहे तशी ठेवा.

चिंगी_मुंगी (नाशिक)

ताई, व्हीसीडी नक्की कशी उतरवलीत? मी फाईल ओढून कॉपी करते, निम्म्यात येऊन थांबते.

तिसरी_घंटा

व्हीसीडीत एम्पेगएव्ही नावाचा फोल्डर असतो, त्यात डीएटी फाईल. विंडोजवर स्वच्छ डिस्क असेल तर ओढून कॉपी होते. ओरखडा आला की विंडोज तिथेच हात वर करतं. लिनक्सवर उलटी तऱ्हा: चांगल्या डिस्कची फाईलही सरळ कॉपी होत नाही, कारण व्हीसीडीतला चित्राचा भाग वेगळ्या प्रकारच्या सेक्टरमध्ये लिहिलेला असतो. त्यासाठी व्हीसीडीइमेजरबरोबर येणारं व्हीसीडीएक्सरिप वापरा.

डिस्क मधून बाहेरच्या दिशेने सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको. एका ड्राइव्हवर वाचली नाही तर दुसऱ्यावर वाचली जाते, म्हणून जुन्या डेस्कटॉपचे दोन-तीन ड्राइव्ह भंगारवाल्याकडून आणून ठेवलेत, त्यातला सगळ्यात जुनाट दिसणारा सगळ्यात चांगला वाचतो.

फाईल हातात आली की एफएफएमपेग या प्रोग्रामने नुसती डबी बदलायची, म्हणजे आतलं चित्र-आवाज तसंच ठेवून फाईलचा प्रकार बदलायचा. पुन्हा एन्कोड करायचं नाही. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, मुळातच इतकं दाबलेलं की आणखी दाबलं तर नटाच्या मिशा चेहऱ्यात मिसळतात. एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपास मावतं, म्हणून तीन अंकी नाटक दोन-तीन डिस्कवर असतं. फाईलींची नावं सारखी ठेवून शेवटी पार्ट१, पार्ट२ असं इंग्रजीत लिहिलं की जेलीफिन ते एकच नाटक धरतं.

यात सगळ्यात वेळ कशाला गेला माहितीये? नावं आणि पोस्टरला. जेलीफिन माहिती ज्या ठिकाणाहून आणतं तिथे सिनेमे आहेत, आपली नाटकं जवळजवळ नाहीत. आपण गप्प बसलो तर ते नाटकाच्या नावाशी जुळणारा कुठलातरी हिंदी सिनेमा शोधून त्याचं पोस्टर लावतं. एका गंभीर कौटुंबिक नाटकावर हातात बंदूक घेतलेला हिरो बसला होता. म्हणून नाटकांची लायब्ररी वेगळी करा, बाहेरून माहिती आणायची सगळी खुणेची घरं बंद करा, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये व्हीसीडीच्या वेष्टनाचा फोटो "पोस्टर" नावाने ठेवा. लेखक, दिग्दर्शक, नट, संस्था हे सगळं मी वेष्टनावरून वाचून हाताने टाइप केलं. देवनागरीत. शोधात देवनागरी नीट चालतं.

चिंगी_मुंगी

सबटायटलची देवनागरी माझ्या टीव्हीवर फुटते. "कि"चं "क ि" होतं.

वायरमन

टीव्हीच्या ॲपचा फॉन्ट वेलांट्या आणि जोडाक्षरं हाताळत नाही. जेलीफिनच्या सेटिंगमध्ये पर्यायी फॉन्टचा फोल्डर देता येतो, तिथे नोटो सॅन्स देवनागरी टाकून बघा. तरी नाही जमलं तर त्या फाईलीपुरती सबटायटलं चित्रातच भाजून घ्या. सर्व्हरला काम पडेल, पण वाचता येईल.

रिकामटेकडा

सासूबाईंचं पुढे काय झालं? आमच्या आईला केबलचे चॅनेल नंबर पाठ आहेत. ॲपमध्ये नंबरच नाहीत, ती रिमोट हातातच घेत नाही.

तिसरी_घंटा

हा खरा प्रश्न. नंबर दाबला की मालिका लागते, ही सोय ओटीटीने काढून घेतली आणि त्या बदल्यात "प्रोफाइल निवडा" दिलं. आमच्या सासूबाईंनी तीन दिवस असहकार केला.

मग दोन गोष्टी केल्या. एक, टीव्हीचा साधा रिमोट लपवला, टीव्हीला लावलेल्या ओटीटीच्या स्टिकचा एकच ठेवला, एचडीएमआय-सीईसी या सोयीने टीव्ही त्यानेच चालूबंद होतो. दोन, मालिकांची चालू असलेली ॲप पहिल्या ओळीत, बाकी सगळं खाली. त्या आता मालिकेचं नाव माइकमध्ये बोलतात. मशीन पहिल्या खेपेला भलतंच काहीतरी लावतं, मग त्या त्याला सुनावतात, मग बरोबर लावतं.

आणि गच्चीवर डीडी फ्री डिश बसवली आहे. महिन्याचं भाडं नाही. त्यावर सह्याद्री आहे, बातम्या आहेत. मोठ्या मराठी मालिका मात्र त्यावर नाहीत, आणि खाजगी चॅनेलांच्या जागांचा दरवर्षी लिलाव होतो, त्यामुळे मार्चमध्ये दिसणारं चॅनेल एप्रिलमध्ये दिसेल याची खात्री नसते. सकाळी सासूबाईंना सह्याद्री लागतंच. इंटरनेट बंद पडलं तरी टीव्ही पूर्ण काळा होत नाही, हाही फायदा.

शून्य_प्रहर

क्रिकेट?

तिसरी_घंटा

चौकार आधी शेजारून ऐकू येतो, मग आमच्याकडे दिसतो. नवऱ्याने सामन्याच्या वेळी खिडकी लावून घ्यायची सवय केली आहे. याला दुसरा उपाय नाही.

केबल_काका

वायरमन भाऊ, एक इचारायचं होतं. नाटकांच्या डिस्का, लग्नाच्या कॅसेटी सगळं वाचलं. माझ्या हापिसात कुस्ती मैदानाच्या मिनी डीव्ही टेपा हायत, खोकीच्या खोकी. तालुक्यातली, आजूबाजूची मैदानं. त्यातले काही पैलवान आता न्हाईत. हे सर्व्हरवर येतंय का? कॅमेरा हाय, चालतोय, पण त्याला जी वायर लागायची ती लावायची जागा आता कुठल्याच लॅपटॉपला न्हाई.

वायरमन

येतं काका, आणि व्हीएचएसपेक्षा सोपं येतं. मिनी डीव्हीवर आकडेच (डिजिटल) लिहिलेले असतात, त्यामुळे उतरवताना दर्जा तसूभर कमी होत नाही. वायर ती फायरवायर. जुन्या डेस्कटॉपला बसणारं फायरवायरचं कार्ड घ्या. चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आहे का ते बघून घ्या, बाकीच्या कटकट करतात. लिनक्सवर डीव्हीग्रॅब नावाचा प्रोग्राम आहे, तोच कॅमेरा चालू-बंद करतो. एका तासाच्या टेपेला १३ जीबी धरा. खोकी मोजा आणि त्या हिशोबाने डिस्क घ्या, सीएमआर प्रकारची. आणि एक नाही, दोन. दुसरी डिस्क हापिसात ठेवायची नाही, घरी न्यायची.

यूएसबी वायर कॅमेऱ्याबरोबर मिळते ती वापरू नका, तिच्यातून बहुतेक कॅमेरे चित्र लहान करून पाठवतात.

कलम_बावन्न

काका, चित्रीकरण तुमच्या माणसांनी, तुमच्या पैशाने केलं असेल तर ते तुमचंच. मागे वाजणाऱ्या गाण्याचा हक्क मात्र ज्याचा त्याचा. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायला काही अडचण नाही.

बर्फातला_मराठी

काका, त्यात सांगली-तासगाव बाजूची मैदानं असतील तर बाबांना सांगतो. ते पैलवान चालीवरून ओळखतात. नावं लिहायला मदत होईल.

केबल_काका

तासगावची हायत की. टेपांवर फक्त तारीख आणि गावाचं नाव लिवलंय, जोड्या कुणाच्या ते न्हाई. तुमच्या वडिलांना दाखवायलाच पायजे.

कार्ड मागवलंय. एका टेपेत तीन-तीन मैदानं हायत, मध्ये कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केलेला. एकच मोठी फाईल येणार का?

वायरमन

नाही. डीव्हीग्रॅबला ऑटोस्प्लिट सांगा. कॅमेरा जिथे बंद केला होता तिथे तो फाईल तोडतो आणि नावात तारीख-वेळ टाकायचाही पर्याय आहे, कारण ती टेपेवरच लिहिलेली असते. कॅमेऱ्याचं घड्याळ तेव्हा बरोबर लावलेलं असलं म्हणजे झालं.

केबल_काका

घड्याळ १ जानेवारी २००० दाखवतंय.

वायरमन

मग खोक्यावरच्या तारखा बघून फोल्डर करा. टेप घालायच्या आधी तिच्या लेबलाचा फोटो काढा आणि त्याच फोल्डरमध्ये टाका.